बालविभागात पहिलं औषध-संशोधन: नव्या फार्मासिस्टसाठी

दोडामार्गहून आलेली एक आई तापाच्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. घरी औषध किती देता, असं विचारलं तर म्हणाली, "एक चमचा. जास्त तापला तर दीड." चमचा पिशवीतच होता. त्यात पाणी घालायला सांगितलं आणि ते सिरिंजमध्ये ओढून बघितलं, तर साडेतीन मिली. मग शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाईंनी तोच चमचा भरला. त्यांचा हात सढळ, भरले चार मिलीच्या वर. जुन्या केस पेपरवर मात्र सुबक अक्षरात '५ मिली, दिवसातून तीनदा' लिहिलेलं होतं.

लिहिलेला डोस आणि पोटात गेलेला डोस यांच्यामध्ये जे काही घडतं, ते इस्पितळात फार्मासिस्टइतकं जवळून क्वचितच कुणी बघतं. डॉक्टर लिहून पुढच्या खाटेकडे जातात. सिस्टरच्या हातात एका वेळी दहा मुलांची ट्रॉली असते. तेव्हा फार्म. डी.च्या पाचव्या वर्षाचा प्रोजेक्ट असो, एम. फार्म.चा प्रबंध असो किंवा नोकरी सांभाळून काही करून बघायची हौस असो, विषय शोधायला लांब जाऊ नका. गोव्यात मुलं दाखल होतात ती मुख्यतः बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, मडगाव आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळांत आणि खाजगी नर्सिंग होममध्ये. खाली लिहिलंय ते यांपैकी कुठेही चालेल.

पहिले पंधरा दिवस: नुसतं बघा

हातात फॉर्म नको, पॅड नको. एक औषध निवडा आणि डॉक्टरच्या पेनापासून बाळाच्या तोंडापर्यंत त्याचा पाठलाग करा. केस पेपरवर लिहिलं गेलं, सिस्टरनं ट्रीटमेंट शीटवर उतरवलं, इंडेंट (औषधाची मागणी-चिठ्ठी) गेला, फार्मसीतून बाटली किंवा व्हायल (इंजेक्शनची कुपी) आली, ट्रॉलीवर ठेवली, कुणीतरी विरघळवली, कुणीतरी दिली, कुणीतरी सही केली. यात एकच आकडा किती वेळा हातानं उतरवला जातो ते मोजा. प्रत्येक उतरवणं ही घसरायची एक जागा.

एक रात्रपाळी जरूर करा. सकाळच्या राऊंडला सगळं शिस्तीत दिसतं. पहाटे तीनला दोन बाळं एकदम रडायला लागली आणि स्टॅट डोस (लगेच द्यायचा डोस) आला, की खरी पद्धत कळते.

आणि आयांशी बोला. गोव्यात एकाच वॉर्डात कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड अशा चार भाषा ऐकू येतात. सावंतवाडी-कुडाळकडची माणसं मराठीत बोलतात, सत्तरीतली आजी "अर्दो चमचो दिलो" म्हणते, आणि हा 'अर्दो' म्हणजे किती हे घरागणिक बदलतं. बाळगुटी, वेखंड, जायफळ, ग्राइप वॉटर, छातीला चोळलेली फेणी यांतलं काहीच आपणहून सांगितलं जात नाही, कारण ती 'औषधं' आहेत असं कुणाला वाटत नाही. विचारताना "दुसरं काही औषध देता का?" असं विचारू नका, उत्तर 'नाही' येणार. "सर्दी झाली की घरात काय करता?" असं विचारा.

प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

'बालविभागातील औषधांच्या चुकांचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ही नुसती मुखपृष्ठावरची ओळ झाली. सहा महिन्यांत एकट्या माणसाला झेपेल असा प्रश्न म्हणजे: दाखल मुलांच्या शीटवर वजन लिहिलेलं असतं का, आणि डोस त्या वजनाशी जुळतो का? किंवा: डिस्चार्ज होताना आई ५ मिली औषध चमच्यानं, टोपणानं आणि सिरिंजनं किती अचूक मोजते?

मुलांच्या बाबतीत असे प्रश्न पायलीला पन्नास मिळतात, कारण इथे प्रत्येक डोस म्हणजे एक गणित. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी दिली की झालं. पण आठ किलोचं बाळ घ्या. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर डोस १२० मिलिग्रॅम. आता बाजारातल्या बाटल्या बघा. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ४.८ मिली. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं असेल तर २.४ मिली. ड्रॉप्स असतील तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त १.२ मिली. आईच्या डोक्यात मात्र "तापाचं औषध पाच मिली" एवढंच बसलेलं. दुकानातून दुसरी बाटली आली आणि ती २५०ची निघाली, तर तेच पाच मिली म्हणजे किलोमागे ३१ मिलिग्रॅम. ड्रॉप्सची निघाली तर ६२ च्या वर. बाटलीवर चित्र तेच, रंगही बहुधा तोच.

म्हणून केस पेपरवर नुसतं 'मिली' दिसलं की माझे कान टवकारतात. 'मिलिग्रॅम न लिहिता केवळ मिलीत लिहिलेले डोस' हा एकटा विषय एका प्रबंधाला पुरेल.

दुसरी सुपीक जागा म्हणजे पुड्या. हृदयाच्या आजारासाठी मुलांना लागणारी बरीच औषधं आपल्याकडे सिरपमध्ये सहजी मिळत नाहीत. मग मोठ्यांची गोळी कुटायची आणि पुड्या बांधायच्या. एका गोळीच्या आठ पुड्या डोळ्यांच्या अंदाजानं पाडल्या तर प्रत्येकीत आठवा हिस्सा येतो का? हे वजनकाट्यावर बघता येतं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी (औषधाचं नेमकं प्रमाण मोजणारं यंत्र) असेल तर नेमकं मोजताही येतं. हे काम आपल्याच विद्येचं. डॉक्टर त्यात पडणार नाहीत आणि निकाल दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाच्या कामी येतो.

तिसरी जागा विरघळवण्याची. इंजेक्शनच्या पावडरमध्ये १० मिली पाणी घातलं की द्रावण १० मिलीपेक्षा थोडं जास्त होतं, कारण पावडरही जागा घेते. मोठ्याला अख्खी व्हायल देतात, तिथे फरक पडत नाही. नवजाताला त्यातलं एखादं मिली द्यायचं असतं, तिथे पडतो. जेंटामायसिनचं द्रावण एका मिलीत ४० मिलिग्रॅमचं असतं. तीन किलोच्या बाळाला १२ मिलिग्रॅम द्यायचे तर ०.३ मिली आलं. एवढ्याशा मापात सुईच्या बुडाशी अडकून राहिलेला थेंबसुद्धा हिशेबात धरावा लागतो. ड्राय सिरपचंही, म्हणजे पावडरमध्ये पाणी घालून बनवायच्या सिरपचंही तसंच. खुणेपर्यंत पाणी घालायचं, पण पावडर न हलवता एकदम ओतलं की फेस येतो, खूण गाठल्यासारखी वाटते, आणि फेस बसला की पातळी खाली.

'चूक' म्हणजे काय, हे आधी लिहून काढा

इथे मी स्वतः आपटले. एका इस्पितळात (नाव कशाला) माझ्या पहिल्या अभ्यासात तीन महिने चुका टिपल्या, वही भरली. गाइडनी वही चाळली आणि एकच विचारलं, "कितीपैकी?" मला सांगता येईना. मी फक्त चुकलेले डोस लिहिले होते, बरोबर दिलेले मोजलेच नव्हते. तीन महिने पाण्यात.

तेव्हा छेद आधी ठरवा. शंभर ऑर्डरींमागे किती, शंभर डोसांमागे किती, की मुलाच्या दाखल असण्याच्या हजार दिवसांमागे किती? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि एकमेकांशी ताडता येत नाहीत. २००१ साली प्रसिद्ध झालेला बॉस्टनमधल्या दोन शिक्षण-रुग्णालयांचा अभ्यास अजून सगळे उद्धृत करतात, तो याचमुळे टिकला. १०,७७८ ऑर्डरी तपासल्या, ६१६ मध्ये चूक, म्हणजे ५.७ टक्के. त्यातल्या ११५ चुका इजा करू शकल्या असत्या. अशा संभाव्य इजांचं प्रमाण मोठ्यांच्या तिप्पट निघालं. वॉर्डात फार्मासिस्ट असता तर या संभाव्य इजांपैकी ९४ टक्के टळल्या असत्या, असा परीक्षक डॉक्टरांचा अंदाज होता. आपल्या विभागप्रमुखांपुढे बसाल तेव्हा हा आकडा खिशात ठेवा.

मग व्याख्या. वजनानुसार येणाऱ्या डोसपेक्षा किती टक्के इकडे-तिकडे झालं की चूक म्हणायची, दहा की वीस? संदर्भ कुठला धरायचा? औषध अर्धा तास उशिरा दिलं तर चूक, की एक तास? सगळं अभ्यास सुरू होण्याआधी कागदावर हवं. नंतर ठरवलंत तर मन नकळत हव्या त्या आकड्याकडे झुकतं.

चुकीची तीव्रता लावायला ए ते आय अशी नऊ पायऱ्यांची एनसीसी-एमईआरपी (औषधांच्या चुका टाळण्यासाठीची अमेरिकी परिषद) पट्टी वापरतात. 'ए' म्हणजे चूक होईल अशी परिस्थिती, 'बी' म्हणजे चूक झाली पण मुलापर्यंत पोचली नाही, 'सी' म्हणजे पोचली पण इजा नाही, आणि असं चढत 'आय' म्हणजे मृत्यू. दोघांनी स्वतंत्रपणे पट्टी लावावी, एकमेकांचं न बघता, आणि मग किती जुळतं ते 'कप्पा' (ग्रीक अक्षराचं नाव) या सांख्यिकी आकड्यानं मोजावं. एकट्यानं ठरवलेली तीव्रता परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत उडवतात.

परवानगी

इथे फाटे फोडू नका. संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकही कागद भरायचा नाही, 'फक्त जुन्या फायली' बघायच्या असल्या तरी. फायलींवरून, नावं काढून करायच्या कामाला संमतीपत्रातून सूट मिळू शकते, पण ती सूट समितीनं द्यायची असते, आपण घ्यायची नसते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा मन लावून वाचा, निदान मुलांवरचं प्रकरण. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागते, आणि मुलालाही विचारावं लागतं: सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार, त्यापुढच्याचा लेखी. औषध किंवा पद्धत बदलून परिणाम बघणार असाल, म्हणजे ट्रायल असेल, तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयवर (ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करा.

संमतीपत्राच्या भाषेवर वेळ घालवा. इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेलं 'सहभागी होण्यास माझी विनाअट संमती' कुणी वाचत नाही, अंगठा तेवढा उठतो. मी आता कागद आधी वॉर्डातल्या आयाबाईंना वाचून दाखवते. त्या जिथे थांबतात ते वाक्य बदलायचं. आणि 'प्रयोग' हा शब्द चुकूनही नको. "म्हणजे माझ्या पोरावर प्रयोग करणार?" हा प्रश्न एकदा एका खाटेवर उठला की दुपारपर्यंत अख्ख्या वॉर्डात पोचतो. "औषध नीट दिलं जातं की नाही ते आम्ही बघतोय, औषधात काही बदल होणार नाही" असं सरळ सांगा, आणि नाही म्हटलं तरी उपचार तसेच मिळतील हेही. मराठी, कोकणी, हिंदी या तीन प्रती तरी हव्यातच. कन्नड बोलणारी कुटुंबं बरीच येत असतील तर चौथी.

फॉर्म एका पानाचा

मागच्या पानावर गेलेला रकाना रिकामाच राहतो, हा माझा अनुभव. पुढच्या पानावर हवं ते: सांकेतिक क्रमांक, जन्मतारीख, वजन आणि ते कधी केलं, औषध, मिलिग्रॅममध्ये डोस, बाटलीची ताकद, मिली, कुठल्या मार्गानं, लिहिल्याची वेळ, दिल्याची वेळ. नाव-गाव नको. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या वहीत, कुलपात.

वय 'वर्षांत' विचारलंत तर अर्ध्या वॉर्डाचं वय शून्य येईल. नवजातांचं दिवसांत, त्यापुढे महिन्यांत. जन्मापासून २७ दिवस, मग २३ महिन्यांपर्यंत, मग २ ते ११ वर्षं, मग किशोरवय, हे गट जगभर वापरतात, तेच ठेवा.

दशांश चिन्हाकडे खास लक्ष द्या. '.५' लिहिलं की टिंब हरवतं आणि ५ होतात. '५.०' लिहिलं की तेच टिंब हरवून ५० होतात. दसपट चुका इथेच जन्मतात. तुमच्या फॉर्मवर '०.५' आणि '५' असंच लिहा. शीटवर जसं लिहिलंय तसं उतरवायला मात्र वेगळा रकाना ठेवा, नाहीतर तुम्ही नीटनेटकं उतरवून चूकच पुसून टाकाल. माझ्या एका सहकाऱ्यानं चाळीस शीट अशी 'सुधारून' उतरवली होती. बिचाऱ्याला पुन्हा रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आईनं मोजलेलं औषध काट्यावर तोलणार असाल तर ग्रॅम म्हणजे मिली नव्हेत हे विसरू नका. साखरेचं सिरप पाण्यापेक्षा जड असतं. शुद्ध साखरेच्या पाकाची घनता १.३ च्या आसपास. आधी त्याच बाटलीतलं १० मिली पिपेटनं घेऊन तोला, घनता काढा, मग भागा.

दहा मुलांवर फॉर्म चालवून बघा, फाडा, नवा करा.

डोळ्यांदेखत चूक दिसली तर

थांबवायची. तुम्ही निरीक्षक आहात म्हणून गप्प बसणं चालणार नाही. "सिस्टर, हे एकदा परत बघूया का?" असं हळू आवाजात म्हणा, आईसमोर नको. थांबवलेली चूक 'बी' पायरीवर नोंदवा, आकडा कुठे जात नाही. यासाठी नेमकं काय करणार हे समितीच्या अर्जातही लिहा. ते विचारतातच.

इथेच एक सांगते. माझ्या पहिल्या अभ्यासाच्या वेळी ड्यूटी रूमच्या फळ्यावर 'औषधांच्या चुकांचं सर्वेक्षण' असं लिहिलं होतं. आठवडाभर मी ट्रॉलीजवळ गेले की गप्पा बंद. शेवटी सिस्टर इनचार्ज म्हणाल्या, "बाय, तू आमच्या चुका मोजायला आलीस, तर आमच्या खाटा पण मोज. एका पाळीला किती पोरं आणि किती हात, ते लिही." तेव्हापासून प्रत्येक पाळीला किती मुलं आणि किती सिस्टर हा रकाना माझ्या फॉर्मवर असतो. निष्कर्षांत तो पुष्कळदा सगळ्यात बोलका निघतो. कोण चुकलं त्याचं नाव मात्र कधीच नोंदवू नका, सांकेतिकसुद्धा नको.

दुष्परिणाम

अभ्यासाचा विषय हा नसला तरी पुरळ, झटके, उलट्या असं काही औषधामुळे झाल्याचा संशय आला तर कळवा. खात्री लागत नाही, संशय पुरतो. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. मदतवाहिनी १८००-१८०-३०२४. रुग्णाची ओळख (आद्याक्षरं चालतात), संशयित औषध, काय झालं, कोण कळवतंय, एवढं असलं की नोंद घेतली जाते. कारणसंबंध ठरवायला नारांजोची दहा प्रश्नांची पट्टी वापरतात: ९ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, ५ ते ८ म्हणजे बहुधा, १ ते ४ म्हणजे शक्य. पण प्लॅसिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) दिल्यावर काय झालं, असले प्रश्न बालविभागात कोरेच राहतात, त्यामुळे 'निश्चित' क्वचितच हाती लागतं. नाराज होऊ नका.

किती मुलं, कुठले महिने

चुकीचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असेल असं धरलं आणि उत्तर तीन टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर साधारण ३८४ ऑर्डरी लागतात. एकाच मुलाच्या दहा ऑर्डरी म्हणजे दहा स्वतंत्र गोष्टी नव्हेत, म्हणून यापेक्षा जास्त घ्या. पुढचं सांख्यिकीवाल्यांना विचारा, पण काम संपल्यावर नको, सुरू करण्याआधी.

गोव्याच्या पंचांगाकडेही बघा. पावसाळ्यात ताप, जुलाब, डेंग्यूनं वॉर्ड भरतो आणि घाई वाढते. चवथीच्या आधी दोन दिवस उलटं होतं. जो तो डिस्चार्ज मागतो, घरी गणपती येणार असतो. त्या घाईतल्या डिस्चार्जना औषधं समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. फक्त चवथीच्या महिन्यात माहिती गोळा केलीत तर चित्र वाकडं येईल, आणि चवथ वगळलीत तर सगळ्यात बघण्यासारखे दोन दिवस हुकतील. आठवड्यातले वार आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून निवडा. नाहीतर तुमच्या सोयीची सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार एवढीच वेळ अभ्यासात येते. रविवारी बसच्या खेपा कमी, म्हणून रविवारची माहिती नाही, असं मी प्रबंधात प्रामाणिकपणे लिहिलेलं वाचलंय.

निकाल आधी वॉर्डात

जर्नलला पाठवण्याआधी सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांना दाखवा, दुपारच्या चहाच्या वेळी, पंधरा मिनिटांत, एका तक्त्यावर. टक्के कमी, खरी शीट जास्त, अर्थात नावं झाकून. '.५' लिहिलेला एक कागद दाखवला की दहा स्लाइडचं काम होतं.

आणि जाताना काहीतरी हातात ठेवून जा. वॉर्डातल्या नेहमीच्या वीस औषधांचा किलोनुसार मिलिग्रॅम आणि आपल्या फार्मसीत सध्या येणाऱ्या बाटलीनुसार मिली असा तक्ता, विभागप्रमुखांच्या सहीनिशी, ट्रॉलीला लॅमिनेट करून बांधा. त्यावर तारीख घाला. खरेदीत बाटलीची ताकद बदलली की तो त्याच दिवशी उतरवायचा, आणि हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवून घ्या, कारण जुना तक्ता नसलेल्या तक्त्यापेक्षा घातक.

दोडामार्गच्या त्या आईला मी सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज दिली आणि तिच्या बाटलीनुसार जेवढं द्यायचं तिथे मार्करनं रेघ ओढली. शाई धुतली जाते, म्हणून आता रेघेवर पारदर्शक चिकटपट्टी लावते. सासूबाईंकडूनही एकदा भरून घेतलं. रेघेवर बरोबर आलं. मग त्यांनी विचारलं, "बाटली संपली नि दुसरी आणली तर रेघ हीच ना?" बाटलीबरोबर रेघही बदलते हे डिस्चार्जच्या वेळी किती आयांना सांगितलं जातं, ते मोजायचा फॉर्म सध्या तयार करतेय.